इसार देण्याआधी नंबर मागा
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



हल्ली गटाच्या कर्जअर्जात एक नवीन कारण दिसायला लागलंय : "मुलाच्या फ्लॅटचा इसार." मुलगा पुण्याला नाहीतर नाशिकला कामाला, घर तिथं, पण पहिले पैसे जातात इथल्या आईच्या बचतीतून. म्हणून हा विषय आपला आहे.

बाजारात आपण वांगंसुद्धा उलटंपालटं करून घेतो. आणि घरासाठी मात्र कागदावरचं चित्र बघून लाख रुपये देतो. का? तर "माणूस ओळखीचा आहे, विचारायचं कसं?"

विचारायचं. कायदाच आपल्या बाजूनं आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार, अगदी लहान बांधकामं सोडली तर, प्रत्येक नवीन प्रकल्पाची 'महारेरा'कडे नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला जाहिरात करता येत नाही, बुकिंगही घेता येत नाही. प्लॉट पाडून विकणाऱ्यांनाही हेच लागू आहे. नोंदणीचा नंबर महारेराच्या वेबसाइटवर टाका. जमीन कुणाची, मंजुरी कोणती, ताबा कधी, सगळं दिसतं. मोबाइलवर जमत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीला सांगा.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक : करारनाम्याची नोंदणी होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत. वीस लाखांचा फ्लॅट असेल तर दोन लाख, त्याच्या वर नाही.

दोन : पैसे चेकनं किंवा बँकेतून द्या. कच्च्या पावतीवर रोख देऊ नका.

तीन : दर कार्पेट एरियावर विचारा, म्हणजे घराच्या आत वापरायला मिळणारी जागा किती ते कळतं.

चार : करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर व्याजासह पैसे परत मागता येतात. घर हवंच असेल, तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येतं. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. नाही केला, तर महारेराकडे तक्रार करता येते.

माझी एक सूचना आहे. घराच्या किंवा प्लॉटच्या इसारासाठी कर्ज मागणाऱ्या ताईनं अर्जासोबत महारेराचा नंबर आणावा, असा ठराव प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत घ्यावा. यात कुणावर अविश्वास नाही. कर्ज देताना आपण एकमेकींनाही कारण विचारतोच की! मग लाखो रुपये घेणाऱ्याला एक नंबर विचारायला संकोच कसला?