निकालाचा हिशोब



विधानसभेचा निकाल 23 नोव्हेंबर 2024 ला लागला. महायुतीला मोठं बहुमत मिळालं. तेव्हापासून चावडीवर एकच बोलणं ऐकतोय, "बायकांनी दीड हजारात मत विकलं." गटाच्या बैठकीत यावरून बराच वेळ वाद झाला. मग आम्ही हिशोबाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि निकालाचाही हिशोब मांडला.

आधी आपली जमा बाजू. 2019 ला शंभरातल्या साधारण 59 बायकांनी मतदान केलं होतं, 2024 ला 65 जणींनी केलं. आपण पुरुषांच्या जवळजवळ बरोबरीला आलो. 'लाडकी बहीण'चा त्यात वाटा असेलही. पण आमच्या एका गटातच मतं तीन ठिकाणी गेली. कुणी पैशाचा विचार केला, कुणी कापसाच्या भावाचा, कुणी उमेदवाराचा. आणि ते पैसे सरकारी तिजोरीतले. साबणाच्या वडीवरही आपण कर भरतो, मग ती कुणाची मेहेरबानी कशी?

आता आपल्या हाती काय आलं ते पाहू. आमदार 288, त्यात बायका 21. मागच्या वेळी 24 होत्या. म्हणजे मतं वाढली, खुर्च्या घटल्या.

असं का झालं? लोकांनी बायकांना नाकारलं म्हणावं, तर मुळात उभ्याच किती होत्या? 4,136 उमेदवारांत 363. दहात एकही धड नाही. आपली गळती मतपेटीत नाही, तिकीटवाटपात आहे. एक तृतीयांश जागांचा कायदा 2023 ला झाला, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्याशिवाय तो लागू होणार नाही.

तोवर गप्प बसायचं का? ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत निम्म्या जागा आपल्या आहेत. त्यांच्या निवडणुका पुढेही लागतीलच. आम्ही ठरवलंय, गटातल्या दोघींची नावं आत्ताच पुढे करायची. ग्रामसभेत त्यांना बोलायला उभं करायचं, अर्ज कसा भरायचा ते शिकून घ्यायचं. पुढाऱ्यांनी मतं मागायला दारात पाऊल ठेवलं, की विचारायचं, "आमच्या बाईला तिकीट देणार का?"

तुमच्या गटातून कुणाचं नाव पुढे येतंय? येत्या बैठकीत वहीत लिहून ठेवा.