अंगाला लागणारी बाजू

(महिला सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी बरोबर एक गोधडी आणली आहे. नवापूर तालुक्यातल्या आपल्या शिवणवर्गातील बहिणींनी ती शिवली आहे. वरची बाजू सर्वांनी पाहिली, कौतुकही केले. आता ती उलटून पाहा. खालीसुद्धा तुकडे जोडून केलेले पूर्ण अस्तर आहे. एक बाजू मळली की दुसरी वर घ्यायची. मला आज या खालच्या बाजूविषयी बोलायचे आहे.

आपल्या आया-आज्या गोधडीच्या खाली अख्खे सुती लुगडे लावत. आता घरोघरी सिंथेटिक साड्या झाल्या आणि अख्खे सुती कापड मिळणे कठीण झाले. म्हणून वर्ग सुरू झाला तेव्हा मी बहिणींना सांगितले, "चांगले तुकडे वर लावा. उरलेसुरले खाली जाऊ द्या, खाली कोण पाहतो?" त्याप्रमाणे नायलॉन, टेरिकॉट, शर्टाच्या जाड पट्ट्या, सगळे खाली गेले.

पहिली गोधडी तयार झाली. वर्गातल्या एका आजीने ती उलटी करून माझ्या हातावर घासली आणि म्हणाली, "ताई, पाहुणा वरची बाजू पाहतो. पण रातभर अंगाला खालचीच लागते ना?"

मी गप्प बसले. दिवाळीनंतर आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. थंडीचे महिने शेताच्या कडेला झोपडीत काढतात. तिथे तान्हे मूल याच गोधडीत झोपते. त्या मुलाच्या अंगाला जे लागणार, ते मी 'उरलेसुरले' म्हटले होते. आजीची मी सर्वांसमोर क्षमा मागितली आणि ती गोधडी आम्ही उसवली.

आता आम्ही अस्तर कसे करतो ते सांगते, म्हणजे तुमच्या गाठोड्यातल्या कापडाचे काय होते ते कळेल.

आधी सर्व कापड गरम पाण्यातून काढतो. आटायचे ते आटते, रंग जायचा तो जातो. मग एकेक तुकडा उजेडासमोर धरतो. विरलेला भाग कापून टाकतो. अस्तराला फक्त सुती कापड आणि तेही साधारण एकाच जाडीचे घेतो. जाड आणि पातळ शेजारी आले की पातळ आधी फाटते. खालचे तुकडे वरच्यापेक्षा मोठे ठेवतो, म्हणजे जोड कमी आणि अंगाला टोचणे कमी. तुकड्यांच्या पट्ट्या करायच्या, पट्ट्या एकमेकींना जोडायच्या आणि प्रत्येक शिवण इस्त्रीने एका बाजूला दाबायची.

वरची बाजू ६ फूट लांब व ४.५ फूट रुंद असेल, तर अस्तर ६.५ फूट व ५ फूट करतो. चारही कडांना ३-३ इंच जास्त, कारण धावदोरा घालताना कापड आत ओढले जाते. दोन्ही कर्ण मोजून सारखे आले की अस्तर सरळ आहे असे समजायचे. मग ते सुलटी बाजू जमिनीकडे करून ताणून अंथरतो आणि कडांवर दगड ठेवतो. त्यावर जुन्या साडीचा थर, त्यावर वरची बाजू. वरचे आणि खालचे जोड एकावर एक येऊ देत नाही, नाहीतर तिथे सुई जात नाही आणि गाठोडे होते. मधून कडेकडे कच्चे टाके घालतो, मग धावदोरा. दोऱ्याची गाठ मधल्या थरात लपवतो, कारण या गोधडीला उलटी बाजूच नाही.

प्रेषितांची कृत्ये याच्या ९व्या अध्यायात टबीथा मरण पावते तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने केलेली वस्त्रे दाखवतात. तिथल्या मूळ ग्रीक शब्दांत अंगालगतचा अंगरखा आणि वरचे वस्त्र, दोन्ही येतात. टबीथाने लोकांना दिसणारेच तेवढे शिवले नव्हते. आणि निर्गमच्या २२व्या अध्यायात परमेश्वर सांगतो की गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्याआधी परत द्या, कारण त्याच्या अंगाला तेवढेच आहे. रात्री गरिबाच्या अंगावर काय आहे, याची चौकशी आपला देव करतो.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुमच्या प्रेमाच्या देणग्यांवर हा वर्ग चालतो, त्याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. पण काही गाठोड्यांत फाटके, न धुतलेले, कुबट वासाचे कपडेही येतात. ते निवडण्यात बहिणींचा अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडते. त्या काही बोलत नाहीत. कपडे घडी करून बाजूला ठेवतात. पण आपल्याला काय समजून हे पाठवले, हे त्यांना कळते. मी त्यांना जे म्हटले होते, तेच ही गाठोडी न बोलता म्हणतात.

म्हणून माझी विनंती आहे. सुती साड्या, चादरी, धोतरे द्या. कमी द्या, पण धुऊन, वाळवून द्या. आणि गाठोडे बांधण्याआधी ते कापड एकदा स्वतःच्या गालाला लावून पाहा. आपल्या नातवंडाला त्यात गुंडाळाल असे वाटले, तर खुशाल पाठवा.

ही गोधडी मी सभेनंतर इथेच ठेवते. जाताना तिला हात लावून पाहा, खालच्या बाजूने.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.