जाणता रोगी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



आजचा विषय संमेलनाच्या मांडवात शोभणारा नव्हे, याची मला जाणीव आहे. तथापि पन्नाशी उलटलेले इतके पुरुष एके ठिकाणी सापडण्याचा योग वर्षातून एकदाच येतो. पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग आपल्याकडे पुष्कळदा हाडांत पसरल्यावरच उघडकीस येतो. अशा वेळी घरची मंडळी रोग्याला काय सांगतात? "साधी गाठ आहे, गोळ्यांनी विरेल." ज्याचे शरीर, त्यालाच बातमी नाही!

हे प्रेम खरे, परंतु घातक. कारण या रोगात निर्णय एक नसून अनेक असतात. पुरुषी संप्रेरक उतरविले की हा रोग मागे हटतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उपचाराचा पाया अद्यापि तोच आहे. त्यासाठी ठरावीक मुदतीने घ्यावयाची इंजेक्शने आहेत, अथवा वृषणे काढण्याची एकच लहानशी शस्त्रक्रिया. संप्रेरक दोहोंनी उतरते. खर्चात मात्र मोठी तफावत. शस्त्रक्रियेचे नाव निघताच पुत्र लाजतो, पत्नी गप्प बसते, आणि इंजेक्शनांसाठी कर्ज निघते. इंजेक्शने घेऊच नयेत असे माझे म्हणणे नाही. ती थांबविता येतात, हा त्यांचा गुण. पण निवड ज्याची त्याने करावी. आता आरंभापासूनच ॲबिराटेरोनसारख्या गोळ्या, किंवा काही रोग्यांना डोसिटॅक्सेलची केमोथेरपी जोडल्यास आयुष्य वाढते, हेही सिद्ध झाले आहे. याच औषधांच्या किमती कंपनीगणिक निराळ्या असतात. विचारण्यात कमीपणा कसला?

रोग्याने एक वही करावी. तपासणीच्या कागदावर ग्लीसनचा अंक असतो : ३+४ आणि ४+३ यांची बेरीज ७च, तरी दुसरा अधिक उग्र. पीएसएचे आकडे तारीखवार लिहावेत. ते चढू लागल्यास टेस्टोस्टेरॉनही तपासले काय, हे विचारावे. काढे-भस्मे चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नयेत. आणि पायांतील शक्ती एकाएकी गेली, कमरेखाली बधिरता आली वा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाठीचा कणा दबत असण्याचा संभव असतो. उद्यावर टाकल्यास चालणे कायमचे जाऊ शकते.

आता एक नाजूक गोष्ट. ती ज्ञातिसंस्थेच्याच व्यासपीठावरून बोलली पाहिजे. रोग पसरलेल्या काही जणांत बीआरसीए-२ या जनुकातील आनुवंशिक दोष आढळतो. तोच दोष कन्येकडे वा भगिनीकडे आला असेल, तर तिला स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. "मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, कोठे बोलू नका," असे म्हणून आपण जिच्यासाठी रोग झाकतो, तिचीच सावध होण्याची संधी हिरावून घेतो. ही तपासणी आपल्याला हवी काय, हे रोग्याने डॉक्टरांना विचारावे. दोष निघाल्यास पुत्रांप्रमाणेच सासरी गेलेल्या कन्यांना व भगिनींनाही कळवावे. वधूवर मंडळाच्या चालकांना माझी विनंती एवढीच की, अशी माहिती कानी आली तर ती कानातच ठेवावी.

आता शंका विचाराव्यात. उभे राहून विचारण्यास संकोच वाटत असल्यास चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, पाठवावे.