पिवळा दिवा झाकू नका, त्याला विचारा

 

आज बोलायचंय गाडीबद्दल. "आम्ही कुठे गाडी चालवतो?" असं कुणी म्हणेल. पण गटाचा माल कल्याणच्या बाजारात गाडीनेच जातो, पोरं शाळेत व्हॅनने जातात आणि अडल्या बाईला रात्री दवाखान्यात गाडीतूनच न्यावं लागतं. दुरुस्तीचं बिलही आपल्याच पैशातून जातं. तेव्हा गाडी काय सांगते ते चालवणारीला कळायला हवं आणि शेजारी बसणारीलाही.

गाडी सुरू करताना समोर बरेच दिवे लागतात. त्यात एक पिवळा दिवा असतो, त्यावर एबीएस अशी अक्षरं असतात. चावी फिरवली की तो लागतो आणि दोन-चार सेकंदांत विझतो. विझला तर सगळं ठीक. तसाच राहिला तर बिघाड आहे. आणि चावी फिरवल्यावर तो लागलाच नाही, तरीही बिघाडच समजा.

हे एबीएस करतं काय? पावसात माळशेज घाट उतरताना समोर अचानक गुरं आली आणि जोरात ब्रेक दाबला, तर चाकं जागीच अडकतात आणि गाडी घसरत जाते. चिखलात पाय घसरला की आपल्याला हवं तिकडे वळता येत नाही, तसंच. स्टेअरिंग फिरवून उपयोग नसतो. एबीएस चाक अडकू देत नाही. सेकंदात दहा-पंधरा वेळा ब्रेक सोडतं आणि धरतं, म्हणून पायाखालचं पॅडल थरथरतं आणि घर्र आवाज येतो. तेव्हा घाबरून पाय काढायचा नाही, पॅडल दाबून धरायचं आणि गाडी वळवायची. खडीवर मात्र एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकतं, म्हणून पुढच्या गाडीपासून लांब राहायचं.

ही पद्धत जर्मनीत १९७८ साली मोटारगाडीत आली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या कारना आणि १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना ती सक्तीची झाली. म्हणजे अलीकडे घेतलेल्या गाडीत ती असणारच.

काही गाड्यांत तिच्या जोडीला ट्रॅक्शन कंट्रोल असतं. ते उलट काम करतं. चिखलात गाडी निघताना चाक जागच्या जागी फिरायला लागलं, तर ते इंजिनाचा जोर कमी करतं किंवा त्या चाकाला हलका ब्रेक लावतं. त्याचा दिवा म्हणजे घसरणाऱ्या गाडीचं चित्र. तो लुकलुकला तर काम चालू आहे. एकसारखा जळत राहिला तर कुणी बटणाने बंद केलंय, नाहीतर बिघाड आहे.

आता दिवा लागलाच तर? आधी रंग बघा. फक्त पिवळा लागला, तर साधा ब्रेक चालतो, फक्त चाक अडकू न देणारी मदत बंद असते. सावकाश चालवत गॅरेज गाठायचं. लाल लागला तर आधी हँडब्रेक ओढलेला राहिलाय का बघा. नसेल तर गाडी बाजूला थांबवा आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहा. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले, तर ती गाडी पुढे न्यायचीच नाही. उशीर झाला तरी चालेल, पण गाडी ओढूनच न्या.

ब्रेक ऑइल कमी झालं असेल, तर नुसतं ओतून निघू नका. ते उगाच कमी होत नाही. एक तर ब्रेक पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय.

पिवळ्या दिव्याचं कारण पुष्कळदा लहान असतं. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा एक सेन्सर असतो. बोटाच्या पेराएवढा. त्याच्यासमोर दात्यांची किंवा चुंबकाची कडी चाकाबरोबर फिरते. चारही चाकांचे आकडे एका डब्यात जातात, तो डबा ब्रेक सांभाळतो. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल हेच सेन्सर वापरतात, म्हणून एकच सेन्सर बिघडला तरी दोन्ही दिवे लागतात. दोन दिवे म्हणजे दोन बिघाड, असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका.

आपल्याकडे पाऊस आणि चिखल काय असतो, ते सांगायला नको. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचा पूर आपण पाहिला. गाडी पाण्यात उभी राहिली की जोडणीच्या पिना गंजतात. सेन्सरवर चिखल आणि लोखंडाचा चुरा बसतो. उंदीर वायर कुरतडतात. कडीला तडा जातो, बेअरिंग सैल होतं. फ्यूज उडालेला असतो, बॅटरी कमजोर असते, नाहीतर एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर घातलेला असतो. यातल्या बऱ्याच गोष्टी साफसफाईने किंवा थोड्या खर्चात सुटतात. तो डबा बदलायचा, तर मात्र खर्च फार मोठा.

म्हणून मिस्त्रीदादांना क्रमाने चार गोष्टी विचारा.

पहिली, स्कॅनर लावलात का आणि कोड कुठला आला? इंजिनचे कोड वाचणारा प्रत्येक स्कॅनर एबीएसचे कोड वाचतोच असं नाही. कोड कागदावर लिहून घ्या.

दुसरी, कुठलं चाक? गाडी सावकाश चालवत स्कॅनरवर चारही चाकांचा वेग बघता येतो. तीन चाकं वीस दाखवतात आणि एक शून्य दाखवतं, तर बिघाड त्या चाकापाशी शोधायचा. कोडमध्ये चाकाचं नाव आलं म्हणून सेन्सरच गेला असं होत नाही, वायर तुटली तरी तोच कोड येतो.

तिसरी, बॅटरी मोजलीत का? गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा.

चौथी, जुना भाग परत द्याल का? नवा घातला तर जुना हातात घ्यायचा आणि कोड पुसल्यावर गाडी फिरवून दिवा विझलेला बघायचा. मगच पैसे.

एक खूण लक्षात ठेवा. कोरड्या रस्त्यावर हळूहळू थांबताना, अगदी शेवटच्या क्षणी पॅडल थरथरतं आणि गाडी थोडी पुढे सरकते. कधी कधी तेव्हा दिवाही लागत नाही. कडीला तडा गेला असेल किंवा सेन्सरवर कचरा असेल, तर एक चाक अडकलंय असं त्या डब्याला उगाच वाटतं. हे मिस्त्रीला याच शब्दांत सांगा. नुसतं "ब्रेक बिघडलाय" म्हटलं, तर तो पॅड बदलून देईल आणि दुखणं तसंच राहील.

आणि एक गोष्ट कधीच करू देऊ नका. दिव्यावर चिकटपट्टी लावायची किंवा दिवाच काढून टाकायचा. जुनी गाडी विकताना असं करणारे असतात. म्हणून गटासाठी जुनी गाडी घेताना चावी फिरवून आधी दिवा लागतो का ते बघा, मग विझतो का ते बघा. दोन्ही झालं तरच पुढची बोलणी.

पुढच्या बैठकीला गटाची गाडी अंगणात उभी करा आणि प्रत्येकीने एकदा चावी फिरवून हे दिवे ओळखा. पोरांची व्हॅन दारात आली की तिथेही डोकावून बघा. चालकदादा रागावले तरी चालेल, आत आपलीच लेकरं बसतात.