मांडव्याचा धावपटू
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी मला तरुणांना उपयोगी पडेल अशा एखाद्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. मी अविनाश साबळे यांचे नाव सुचविताच कार्यकारिणीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला प्रश्न केला, “गुरुजी, ते आपल्यापैकी आहेत काय?” त्यावर मी उत्तरलो, ते मराठवाड्याचे आहेत व सैनिक आहेत, एवढे मला पुरेसे वाटते. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर हे बोलणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. तथापि साबळे ज्या पलटणीत दाखल झाले ती महार रेजिमेंटची आहे. नाव एका समाजाचे. पण आज त्या रेजिमेंटमध्ये देशातील नाना जातींचे व प्रांतांचे जवान खांद्याला खांदा लावून उभे असतात. ‘यश सिद्धी’ हे तिचे ब्रीद सर्वांचे असते.

आपल्या हिंगोलीलाही सैन्याचे वावडे नाही. निजामाच्या काळी येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ येथे आहे. पहाटे औंढ्याच्या वा कळमनुरीच्या रस्त्याने जाऊन पाहावे, अंधारात मुले धावत असतात. कोणी पोलीसभरतीसाठी, कोणी सैन्यभरतीसाठी. सैन्यभरतीतील १.६ किलोमीटरचे अंतर साडेपाच मिनिटांत पुरे व्हावे म्हणून ही मुले रक्ताचे पाणी करतात. त्यांच्याचसाठी मी आज उभा आहे. आणि त्यांच्याहूनही अधिक, त्यांच्या मातापित्यांसाठी.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे साबळे यांचे गाव. जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आईवडील वीटभट्टीवर राबत. शाळा सहा किलोमीटरांवर होती, आणि वाहनाची सोय नसल्यामुळे हा मुलगा कधी चालत तर कधी धावत ती गाठी. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या पायांचा अभ्यास असा दप्तरासह झाला, असे लिहिण्याचा मोह वर्तमानपत्रांना होतो. माझे मत निराळे आहे. शाळेसाठी सहा किलोमीटर तुडविणारी मुले आपल्या सेनगाव तालुक्यातही मी पुष्कळ पाहिली. त्यांतून ऑलिंपिकला कोणी गेले नाही. दारिद्र्य हे कोणाचे शिक्षक नव्हे. ज्याला पुढे शिक्षक लाभला त्याच्या दारिद्र्याची आपण मागाहून कौतुके करतो.

बारावीनंतर ते सैन्यात भरती झाले ते क्रीडापटू म्हणून नव्हे, घराला आधार हवा म्हणून. ५ महार या पलटणीबरोबर त्यांनी सियाचेनची हिमभूमी पाहिली, राजस्थानची वाळू पाहिली, पुढे सिक्कीममध्येही ते होते. २०१५ साली सैन्यातील क्रॉसकंट्री शर्यतीत ते प्रथम उतरले. तेव्हा त्यांचे वय विशीच्या पुढे होते. मध्यंतरी त्यांचे वजन बरेच वाढले होते व ते त्यांनी निग्रहाने उतरविले. सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांचा पल्ला ओळखला आणि २०१७ साली त्यांना स्टीपलचेस या शर्यतीकडे वळविले.

ही शर्यत काय आहे, हे भगिनीवर्गासाठी, आणि खरे सांगायचे तर बंधुवर्गासाठीही, थोडे उलगडून सांगितले पाहिजे. अंतर ३००० मीटर. वाटेत २८ वेळा लाकडी अडसर ओलांडावयाचे व ७ वेळा पाण्याचा खड्डा. पुरुषांच्या शर्यतीत अडसराची उंची ९१.४ सेंटिमीटर, आणि तो साध्या अडथळा-शर्यतीतल्यासारखा धक्का लागताच आडवा होत नाही. पाय लागला तर धावणारा आडवा होतो. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब असतो. म्हणजे दमछाक झालेल्या माणसाने ३५ वेळा उडी घ्यावयाची, आणि त्यांतील प्रत्येक उडी शुद्धीवर राहून घ्यावयाची.

२०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेस त्यांना जाता आले नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वर येथे त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ नोंदविली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षांनी मोडला. त्यानंतर त्यांनी स्वतःचाच विक्रम पुनःपुन्हा मोडण्याचा सपाटा लावला. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ती वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आली. सहा वर्षांत सुमारे २० सेकंद वाचले. आपणांस हे अल्प वाटेल. या वेगाचा धावपटू सेकंदाला सहा मीटरांहून थोडे अधिक अंतर तोडतो. त्या हिशेबाने २०१८ चे साबळे २०२४ च्या साबळ्यांच्या सुमारे १२० मीटर मागे राहिले असते. आणि आपल्या मुलांचे १.६ किलोमीटर? तो माणूस ते अंतर अडसरांसह ४ मिनिटे २१ सेकंदांच्या आसपास पुरे करील.

या वाटेवर पडझडही झाली. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेत प्राथमिक शर्यतीत दुसऱ्यांच्या धडपडीत ते अडखळले. भारतीय संघाने दाद मागितली, ती मान्य झाली, आणि अंतिम शर्यतीत तेरावे येऊनही त्यांनी टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळविली. टोकियोस २०२१ साली त्यांनी नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही अंतिम फेरी हुकली. विक्रम करूनही हरता येते, ही गोष्ट आपल्या गुणपत्रिकांच्या जगात कोणाच्या ध्यानी येत नाही.

६ ऑगस्ट २०२२ चा बर्मिंगहॅमचा दिवस मात्र मी विस्ताराने सांगणार. राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके १९९८ पासून २०१८ पर्यंत प्रत्येक वेळी केनियाने नेली होती. त्या दिवशी केनियाचे अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत आले आणि साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत. अंतर एका सेकंदाच्या विसाव्या भागाचे. मी गणित मांडून पाहिले: त्या वेगाने ते सुमारे ३० सेंटिमीटर भरते. म्हणजे पाचवीच्या मुलाच्या दप्तरातील फूटपट्टी! तीन हजार मीटर धावून एका फूटपट्टीने सुवर्ण गेले. तरीही त्या रौप्याने सहा स्पर्धांची केनियाची मक्तेदारी मोडली.

सुवर्णही पुढे आलेच. १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत ८ मिनिटे १९.५० सेकंदांत ते पहिले आले. पुरुषांच्या या शर्यतीतील भारताचे हे पहिले आशियाई सुवर्ण. त्याच स्पर्धेत ५००० मीटरमध्ये रौप्यही मिळाले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले व अकरावे आले. ‘पुरुष’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कारण सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी हेच काम आठ वर्षे आधी, २०१६ साली, रिओ येथे करून ठेवले होते आणि त्या दहाव्या आल्या होत्या. आपल्याकडे किती घरांत हे नाव ठाऊक आहे, ते मी विचारीत नाही.

जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या उडीवरच ते पडले, गुडघ्याच्या स्नायुबंधास इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. जवानाचे शरीर हेच त्याचे भांडवल, आणि ते एका उडीत मोडू शकते, हेही पालकांनी जाणून असावे.

आता घरची गोष्ट. साबळे भरती झाले तेव्हा सैन्यातील नोकरी दीर्घ मुदतीची होती. पलटणीत स्थिरावून मग खेळाकडे वळण्यास त्यांना वर्षे मिळाली. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा ४ वर्षांची, आणि त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे ठेवण्याची तरतूद. तेव्हा ‘पोरगा सैन्यात गेला की सुटलो’ हा जुना हिशेब आता तसाच लागू नाही. मुलाने धावावे, अवश्य धावावे. पण बारावीचे पुस्तक मिटून नव्हे. भरतीच्या आशेवर तीन-तीन वर्षे घालवून वय उलटलेली मुले आपल्या प्रत्येकाच्या भावकीत आहेत. त्यांना कोणी वेळीच सांगितले नाही. सांगावयास कोणाला संकोच वाटला, कोणाला गंमत.

मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते. नारळ, शाल, प्रशस्तिपत्र. माझी कार्यकारिणीस विनंती आहे की या निधीतून काही रक्कम धावणाऱ्या मुलांच्या बुटांसाठी व वैद्यकीय तपासणीसाठी बाजूस काढावी, आणि त्यासाठी शाळेतील हजेरीची अट ठेवावी. कार्यालयात पहाटेच्या मुलांची एक वही ठेवावी. मुलींची नावे त्याच वहीत लिहावीत. त्यांच्यासाठी वेगळी वही काढण्याचे कारण नाही. रस्त्यावर त्यांच्यासोबत कोण जाणार, हा प्रश्न मातांनी मला आधीच विचारला आहे. मी पहाटे साडेचारला उठतो. सायकलवर कंदील लावून येईन.