वृत्तपत्रविद्येसाठी शिष्यवृत्ती



डॉक्टर-इंजिनियर होऊ पाहणाऱ्या मुलास मदत करताना आपला हात आखडत नाही. वृत्तपत्रविद्येचे नाव निघाले की मात्र 'त्यात पोट भरेल काय?' असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. तरी जुना हिशेब पाहा. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडले. शिकले ते अर्थशास्त्र. पण ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढला. शाहू महाराजांनी त्यास अडीच हजार रुपये दिले, आणि त्याच मार्चात माणगावची परिषद भरली. हे माणगाव आपल्या सदलग्याहून काही फार लांब नाही!

आज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात हे शिक्षण मिळते. आपल्या मुलांना फीइतकेच खोलीभाडे व खानावळ जड जाते. उसाचा दर, दूधगंगेचा पूर, कन्नडातले सरकारी कागद हे सारे मराठी वाचकाला समजावून सांगणे दोन्ही भाषा येणाऱ्या सीमाभागातल्या मुलालाच साधेल.

म्हणून माझी सूचना अशी की, दरसाल दोघांचा खर्च ट्रस्टने उचलावा. त्यांत एक मुलगी असावी. मात्र पुढे त्यांनी ट्रस्टविषयी गोडच लिहावे, अशी अट घालू नये.