रहिवासी कोणाला म्हणावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पुरानी बस्ती, रायपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या विद्वान वक्त्यांनी इतिहास, भाषा आणि संतवाङ्मय असे भारदस्त विषय मांडले. त्यांच्या पंक्तीला बसून मी मोटार उभी करण्याच्या परवान्यावर बोलणार आहे हे कळल्यावर आपले कार्यवाह क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांचे आश्चर्य रास्त होते. परंतु या क्षुल्लक परवान्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि परमुलखात घर केलेल्या आपल्यासारख्यांना तो कधी ना कधी विचारला जातोच. तो प्रश्न असा : तुम्ही येथे राहता, याला पुरावा काय?

आपली पुरानी बस्ती घ्या. महामायेचे मंदिर आणि दूधाधारी मठ यांच्या आसमंतातल्या या गल्ल्या बैलगाडीच्या आणि टांग्याच्या मापाने पडल्या. त्यांत आता सीजी-०४ क्रमांकाच्या मोटारी अंग चोरून उभ्या असतात. कोणाची गाडी कोणाच्या दारी उभी राहावी, याचा निवाडा मात्र आजवर ओट्यावर बसूनच होत आला. कोणाकडे लग्नाचा मांडव पडायचा असला, की आदल्या संध्याकाळी घरोघर निरोप जातो आणि सकाळपर्यंत गल्ली मोकळी होते. भांडणे होत नाहीत असे नाही, ती भरपूर होतात. पण ‘तू येथला आहेस कशावरून?’ असे भांडणातही कोणी कोणाला विचारीत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक असते.

वास्तविक आपण मंडळी येथे बाहेरूनच आलो. बिंबाजी भोसले १७५८ साली छत्तीसगढचा कारभार पाहण्यास आले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत रतनपुरास राहिले. १८१८ मध्ये कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, पण त्या राज्याबरोबर आलेली माणसे परत गेली नाहीत. पुढे रेल्वेने, न्यायालयांनी, शाळांनी आणि स्वातंत्र्यानंतर भिलाईच्या पोलाद कारखान्याने आणखी मराठी कुटुंबे या भागात आणली. आपल्याला येथले कोणी केले असेल, तर ते शेजाऱ्यांनी. हा शेजार आपण इतका गृहीत धरून बसलो आहोत, की त्याची किंमत कळण्यास मला सातासमुद्रापलीकडे जावे लागले.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता लंडनला कन्येकडे गेलो होतो. तिला दिवस गेले होते, नववा महिना लागत होता, आणि त्याच सुमारास त्यांनी घर बदलले होते. जावईबापू कामानिमित्त आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या गावी असत. नव्या घरासमोरच्या रस्त्यावर सोमवार ते शनिवार, सकाळी साडेआठ ते सायंकाळी साडेसहा, केवळ रहिवासी-परवाना असलेल्या मोटारींनाच उभे राहण्याची मुभा होती. हा परवाना तेथील नगरपालिका देते. पूर्वी काचेवर चिकटवण्याचा कागद मिळे. आता पुष्कळ ठिकाणी कागदही नसतो. मोटारीचा क्रमांक संगणकात नोंदला गेला की झाले, तपासनीस तो क्रमांक यंत्रावर ताडून पाहतो. त्या नगरपालिकेचे नाव मी घेत नाही. तसे अनुभव अनेक गावी येत असतील.

मुलगी दमलेली असे, म्हणून अर्ज भरण्याचे काम मी अंगावर घेतले. आयुष्यभर सरकारी कचेरीत अर्जच हाताळले होते, तेव्हा हे काम तासाभराचे, असा माझा समज होता. त्याला सोळा दिवस लागले.

पहिल्या दिवशी संगणक म्हणाला, ‘वाहन सापडत नाही.’ मोटार तर खिडकीतून दिसत होती! दोन तासांनी उमगले, की क्रमांकातल्या इंग्रजी ‘ओ’ या अक्षराच्या जागी मी शून्य टंकले होते. ही चूक सर्वस्वी माझी. पण कचेरीतला कोणताही कारकून क्रमांकावर बोट ठेवून ती क्षणात दाखवता. यंत्राला एवढेच ठाऊक होते, की सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी पत्त्याचा प्रश्न आला. मोटारीच्या नोंदणीपत्रावर नवा पत्ता हवा. नवे नोंदणीपत्र टपालाने यायचे होते. ते येईपर्यंत तात्पुरता परवाना घ्यावा, अशी सूचना होती, आणि त्यासाठी घरपट्टीचा क्रमांक मागितला होता. ही पट्टी तिकडे भाडेकरूलाही भरावी लागते. ती निघाली होती जावयाच्या नावाने, आणि अर्ज होता मुलीचा, कारण मोटार तिच्या नावावर. आपण पंचाईत म्हणतो ती हीच. एक कागद दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि तिसरा पुन्हा पहिल्याकडे.

तिसरा प्रश्न नावाचा होता, आणि येथे बसलेल्या प्रत्येक भगिनीला तो ओळखीचा वाटेल. पारपत्रावर मुलीचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव, असे आपल्या रीतीचे तिपेडी नाव. मोटारीच्या कागदावर मधले नाव गळलेले. बँकेच्या पुस्तकात अजून माहेरचे आडनाव. आपल्या दृष्टीने ही एकच मुलगी आणि तिच्या आयुष्याचे तीन टप्पे. यंत्राच्या दृष्टीने त्या तीन परक्या स्त्रिया, आणि त्यांपैकी एकीनेही त्या घरात राहत असल्याचे पुरेसे सिद्ध केले नव्हते.

अर्ज भरताना मध्येच वेळ संपे आणि लिहिलेले सारे पुसले जाई. जोडलेले छायाचित्र मोठे आहे म्हणून परत येई, लहान करून पाठवले तर वाचता येत नाही म्हणून परत येई. एकदा पैसे कापले गेले, पण परवाना निघाला नाही. दूरध्वनी केला तर अर्धा तास संगीत, आणि शेवटी त्याच संकेतस्थळावर जाण्याची सूचना. हे प्रकार सांगताना आज हसू येते. त्या वेळी ते येत नव्हते.

कारण त्या सोळा दिवसांचा खरा हिशेब निराळाच होता. परवाना नसल्यामुळे मोटार रोज सकाळी साडेआठच्या आत दारातून हलवून पंधरा मिनिटांच्या अंतरावरील मोकळ्या रस्त्यावर नेऊन ठेवावी लागे, आणि सायंकाळी परत आणावी लागे. मला तिकडे मोटार चालवता येत नव्हती. नवव्या महिन्यातली मुलगी थंडीत गाडी ठेवून पायी परत येई आणि मी शेजारून चालत असे. त्यापलीकडे माझा काही उपयोग नव्हता. दिवसा कळा सुरू झाल्या तर काय करायचे, हा विचार आम्हा तिघांच्याही मनात असे, आणि कोणीच तो बोलून दाखवीत नसे. एके सकाळी तिला उठवेना, मोटार दारातच राहिली, आणि दहाच्या सुमारास काचेवर दंडाची नोटीस लागली. त्या दिवशी ती रडली. दंड चौदा दिवसांत भरल्यास निम्म्यावर येतो, तेव्हा रकमेचे दुःख फारसे नव्हते. ती म्हणाली, “बाबा, मी इथे राहते, एवढंच तर म्हणतेय. कुणी ऐकून का घेत नाही?”

सुटका झाली ती एका माणसामुळे. कोणीतरी सांगितले, की ग्रंथालयात आठवड्यातून दोन दिवस नगरपालिकेची मदतीची खिडकी असते. तेथे एक प्रौढ बाई बसल्या होत्या. त्यांनी मुलीला आधी खुर्ची दिली, मग सारे कागद टेबलावर मांडून घेतले. तीन नावे कशी झाली, ते मी समजावून सांगितले. त्यांनी भाडेकरार पाहिला, लग्नाचा दाखला पाहिला, एकदा मुलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “तुम्ही तिथेच राहता, हे उघड आहे.” दहा मिनिटांत परवाना निघाला. दंडाविरुद्धचा अर्जही त्यांनीच लिहवून घेतला आणि पुढे तो दंड माफ झाला. त्यानंतर सहाव्या दिवशी, भर दुपारी, मोटार दारात उभी होती म्हणून आम्ही वेळेवर रुग्णालयात पोहोचलो. नात आता शाळेत जाते.

मंडळी, त्या बाईंकडे पाहताना मला माझीच कचेरी आठवली, आणि शरम वाटली. ते येथे सांगितल्याखेरीज माझे भाषण प्रामाणिक होणार नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात माझ्या टेबलावर एका विधवा बाईंचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण आले होते. सेवापुस्तकात त्यांचे एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे. मी त्यांना दोनदा परत पाठवले. नियमाने माझे चुकले नव्हते. तिसऱ्या खेपेस त्या शेजारच्या दोन गृहस्थांना साक्षीला घेऊन आल्या, साहेबांनी त्यांना आत बोलावले आणि प्रकरण त्याच दिवशी मिटले. मी ‘नाव जुळत नाही’ एवढेच म्हणत राहिलो होतो. तेव्हा संगणकाला नावे ठेवण्याचा अधिकार मला फारसा नाही. फरक इतकाच, की माझ्यावर एक साहेब होता आणि त्या बाईंना त्याच्या दारापर्यंत जाता येत होते.

आता दुसरी बाजूही पाहू. परवाना असूच नये, असे माझे म्हणणे नाही. रस्ता सर्वांचा आहे. मोटारी वाढल्या तेव्हा त्याची वाटणी करणे प्राप्तच झाले. अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात १९३५ साली पहिले पार्किंग मीटर बसले. लंडनच्या मेफेअर भागात ते १९५८ मध्ये आले. रहिवाशांना बाहेरच्यांहून अधिक हक्क देणे न्याय्य आहे काय, हा वाद व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली न्यायालयाने असे परवाने वैध ठरवले. जपानात तर १९६२ च्या कायद्यापासून मोटार ठेवण्यास जागा असल्याचे सिद्ध करावे लागते. उलट, नगरपालिकेने या परवान्याला उत्पन्नाचे साधन करू नये, हेही न्यायालयाने सांगितलेले आहे. लंडनच्या बार्नेट भागात वार्षिक शुल्क ४० पौंडांवरून १०० पौंडांवर नेले, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये जिंकले. आमच्या मुलीची नगरपालिका ती नव्हे.

आपल्या देशातही वारे त्याच दिशेने वाहत आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने शहरातली जमीन मौल्यवान आहे आणि पार्किंगच्या शुल्कात तिचे मूल्य दिसावे, असे तत्त्व सांगितले. बंगळूरसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेल्या धोरणात घरासमोरच्या रस्त्यावर गाडी ठेवण्यासाठी वार्षिक परवान्याची कल्पना आहे. लहान मोटारीला १,००० रुपये, मोठीला ५,००० रुपयांपर्यंत. आज बंगळूरचे जे धोरण आहे, ते उद्या रायपुरातही येऊ शकेल. पुरानी बस्तीतल्या गल्लीचा विचार केला, तर काही शिस्त लागणे मला अनिष्टही वाटत नाही.

परंतु तो दिवस येईल तेव्हा आपल्या घरांचे काय होईल, याची कल्पना करा. ज्या वाड्यात तीन चुलत भावांच्या चुली आहेत आणि करपावती अजून आजोबांच्या नावाने येते, तेथे रहिवासी कोण ठरेल? ज्याचा पत्ता ‘मंदिराच्या मागे, विहिरीजवळ’ असा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो यंत्राच्या चौकटीत कोठे बसेल? मुलगा पुण्यास किंवा परदेशी, गाडी त्याच्या नावावर, आणि रुग्णालयात जाण्यासाठी ती वापरतात येथले वृद्ध आईवडील, त्यांना परवाना कोण देईल?

म्हणून दोन गोष्टी मला नम्रपणे सुचवावयाच्या आहेत. पहिली मागणी शासनाकडे. ऑनलाइन अर्ज अवश्य असावा, बहुतेकांची त्याने सोय होते. पण त्याच्या जोडीला एक खिडकी असावी, आणि खिडकीपलीकडे निर्णयाचा अधिकार असलेला माणूस असावा. अर्ज नाकारला तर कशामुळे नाकारला हे सांगितले जावे, आणि निर्णय होईपर्यंत दंड होऊ नये.

दुसरी गोष्ट आपल्याच हातातली आहे. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ निघाले ते नव्याने आलेल्याला खोली, खाणावळ आणि ओळख मिळावी म्हणून. आज नव्याने आलेला खोली भ्रमणध्वनीवर शोधतो. पण आपल्यातले वृद्ध लोक अर्जांपुढे एकटे बसलेले आहेत. हयातीचा दाखला २०१४ पासून अंगठ्याच्या ठशाने घरबसल्या देता येतो, पण कष्टाने झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही, तेव्हा माणूस जिवंत असूनही हतबल होतो. मंडळाच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ दोन तरुणांनी एक संगणक घेऊन बसावे, आणि वस्तीतल्या कोणाचाही, मराठी असो वा छत्तीसगढी, अर्ज भरून द्यावा. पहिले सहा महिने त्यांच्या शेजारी मी बसेन. कोणत्या कागदावरून माणूस परत पाठवला जातो, हे मला पक्के ठाऊक आहे.

शेजाऱ्यांनी आपल्याला येथले म्हटले, म्हणून आपण येथले झालो. ते ऋण फेडण्याची ही एक साधी वाट आहे. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता मी मंडळाच्या कार्यालयात येऊन बसणार आहे. ज्यांच्या घरी संगणक जाणणारा मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांनी त्यांना पाठवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.